टाकळकर मास्तर आणि जांभळ्या वाफेतल्या रेघा

परतूर, ७ डिसेंबर १९४७. सकाळपासून पिंजारी अंगणात गाद्यांचा कापूस पिंजतोय. आपण आत गेलो की त्याचा हात मंदावतो, म्हणून मी ओसरीवर ठाण मांडून बसले आहे. नुसतं बसायचं तर हे लिहून टाकावं. शाळेचे नवे हेडमास्तर जुन्या शिक्षकांच्या आठवणींची एक वही तयार करताहेत. टाकळकर मास्तर तीन वर्षं आमचे भाडेकरू होते, म्हणून त्यांच्यावर लिहायचं काम माझ्याकडे आलं. जाताना हेडमास्तर म्हणाले, "ज्ञानतपस्वी, थोर विभूती, असं काहीतरी येऊ द्या." मी म्हटलं, बघते.

तपस्व्यांचा मला अनुभव नाही. भाडेकरूंचा आहे.

आठ-नऊ वर्षं झाली असतील. शाळेत सायन्स शिकवायला नवे मास्तर आले आणि खोली बघायला आमच्या दारात उभे राहिले. उंच, वाळके, कोटाच्या दोन्ही खिशांत कागद कोंबलेले. मूळचे भोकरदनकडच्या धावड्याचे, शेतकऱ्याघरचे, शिक्षण हैदराबादेला. आमच्या घरधन्यांनी त्यांना रस्त्याकडची खोली दाखवली. दोन खिडक्या, भरपूर वारा, उजेड. मास्तरांचं तोंड पडलं.

"अंधारी न्हाई का एखादी?"

"अंधारी?"

"बिलकुल अंधारी. एक फट असली तरी पुरे."

मागच्या बाजूला आमची सरकीची पोती ठेवायची खोली होती. तिथे दुपारीही कंदील लागायचा. मास्तर आत शिरले आणि बाजारात मडकं वाजवून घ्यावं तशा चारही भिंती बोटाच्या पेरांनी वाजवू लागले. आतल्या बाजूची भिंत त्यांना पसंत पडली. "ही जाड आहे. ही हलणार न्हाई." त्याच भिंतीत त्यांनी स्वतःच्या खर्चानं शहाबादी फरशी बसवून घेतली, टेबलासारखी. खिडकी होती ती पुठ्ठ्यानं बंद केली आणि पुठ्ठ्याला सुरीनं एक चीर पाडली.

ह्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "माणूस फरारी असंल. नजर ठेव." मी तीन वर्षं नजर ठेवली. इतका जागचा न हलणारा फरारी जगात दुसरा नसेल.

महिन्याभरानं त्यांचं यंत्र आलं. हैदराबादेच्या कुठल्या कॉलेजनं मोडीत काढलेलं, पितळेचं, मधे काचेचा तिकोनी तुकडा, एका बाजूला दुर्बीण, खाली अंशांच्या खुणा असलेलं गोल चाक. स्टेशनवरून टांग्यातून आणायला मास्तर तयार नाहीत, धक्के बसतील. शेवटी दोन हमाल, खांद्यावर बांबू, बांबूला झोळी, झोळीत रजईत गुंडाळलेलं यंत्र, आणि पुढे मास्तर वाकून रस्त्यातले खडे उचलून बाजूला टाकताहेत अशी वरात निघाली. आमच्या गल्लीत नवरीसुद्धा इतक्या जपून आलेली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे दारात हजर. "वहिनी, चिमूटभर मीठ द्या."

त्यांनी ते स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीवर टाकलं. ज्योत पिवळी झाली. मला म्हणाले, दुर्बिणीतून बघा. मी बघितलं. अंधारात दोन पिवळ्या रेघा, एकमेकींना अगदी खेटून.

"काय दिसतं?"

"दोन रेघा."

"हे मीठ आहे."

"माझ्या डब्यातलं मीठ मला दाखवायला हैदराबादहून यंत्र आणलं होय?"

मास्तरांना टोमणा कधी लागायचाच नाही. माझे कितीतरी चांगले टोमणे त्या माणसावर फुकट गेले. ते शांतपणे म्हणाले, "ह्या दोन रेघा जागच्या हलत न्हाईत, वहिनी. मीठ परतूरचं असो का विलायतेचं. ह्यांच्यावरून बाकीच्यांची जागा ठरवायची. मैलाचे दगड समजा."

बाकीच्या म्हणजे आयोडीनच्या रेघा. आयोडीनचे खडे दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून मिळवलेले. ते काचेच्या बंद नळीत घालून जरा तापवले की सुंदर जांभळी वाफ होते. खिडकीच्या चिरेतून आलेलं ऊन त्या वाफेतून जायचं, मग काचेच्या तुकड्यातून, आणि दुर्बिणीत सात रंगांचा पट्टा दिसायचा. त्या पट्ट्यावर हिरव्या-पिवळ्या भागात बारीक काळ्या रेघा, फणीचे दात असावेत तशा. ह्या रेघांच्या जागा मोजायच्या, हा मास्तरांचा उद्योग. आयोडीनचा रेणू म्हणजे दोन अणू, मधे जणू स्प्रिंग. ते दोघं जवळ येतात, लांब जातात, पण मनाला येईल तसं नाही. जिन्याच्या पायऱ्या असतात. ह्या पायरीवर नाहीतर त्या पायरीवर, अधेमधे उभं राहता येत नाही. वर जावं तशा पायऱ्या जवळजवळ येत जातात, आणि एका ठिकाणी दोघं सुटतात ते सुटतातच. मी म्हटलं, एवढ्यासाठी नळी तापवायची काय गरज होती, माझ्या जावेला विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. मास्तर म्हणाले, "त्या सांगतील, पण नेमक्या किती अंशावर सुटतात ते न्हाई सांगणार."

नेमकं. ह्या शब्दानं आमच्या घराला तीन वर्षं छळलं. ह्यांची आडत, धान्य-कापसाचा व्यवहार, त्यात साधारण म्हटल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. ह्यांनी म्हणावं, "साधारण पाच पोती आली," की ओसरीवरून मास्तर विचारायचे, "साधारण म्हणजे किती?" जावेनं म्हणावं, पोराला जरा कणकण आहे, की मास्तर थर्मामीटर घेऊन उभे. शाळेतली पोरं तर त्यांच्यासमोर "जवळजवळ" म्हणायला घाबरायची. शाळेचं शिक्षण उर्दूतून. जुने हेडमास्तर हैदराबादकडचे, सभ्य गृहस्थ. एकदा घरी येऊन ते सगळं बघून गेले आणि ओसरीवर चहा पिताना त्यांनी विचारलं, "टाकळकर साहब, ये लकीरें इम्तिहान में पूछी जाती हैं?"

"नहीं साहब."

"फिर?"

"इसीलिए तो फुरसत से देखता हूँ."

हेडमास्तरांनी बशीत उरलेला चहा संपवला आणि पुन्हा त्या विषयाला हात घातला नाही.

अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, पंचांगात असते ती. मास्तरांना कलेच्याही आतलं मोजायचं होतं, आणि परतूर गाव काही त्यासाठी वसवलेलं नव्हतं. गाडी गेली की भिंत थरथरते. कापसातली सरकी काढायच्या जिनिंगचं इंजिन चालू झालं की थरथरते. मास्तरांनी माझी परात मागून घेतली, तिच्यात पाणी भरून फरशीवर ठेवली आणि पाणी कधी हलतं ते आठ दिवस बघत बसले. आठ दिवस मी ताटात पीठ मळलं. मग ते जिनिंगवाल्या मारवाडी शेटजींकडे गेले आणि इंजिन रोज सकाळी एक तास बंद ठेवा म्हणाले. शेटजी बिचारे हसले नाहीत. म्हणाले, "मास्तरजी, आपकी तो लकीर हिलती है, मेरा पूरा बाजार हिल जायगा."

शेवटी वेळ निघाली ती अशी. सकाळी नऊला जिनिंगचे मजूर न्याहारीला बसतात, इंजिन थांबतं. त्या वेळेला गाडी नाही. ऊन अंगणात उतरलेलं असतं. नऊ ते पावणेदहा. मिठाच्या रेघा पहाटे अंधारात मोजून ठेवायच्या, आयोडीनच्या नऊनंतर, आणि दहाला शाळेत. अंगणात एक आरसा ठेवून ऊन खिडकीच्या चिरेवर पाडायचं. ऊन सरकतं, म्हणून आरसा सारखा हलवायला माणूस पाहिजे, आणि मास्तर आतून ओरडतील ते आकडे लिहायलाही माणूस पाहिजे. मुलांचं आवरलं आणि हे आडतीवर गेले की मी मोकळी असायची. माहेरी सातवीपर्यंत शिकलेली, अक्षर बरं. लागले कामाला. मला विज्ञानाची ओढ होती असं कुणी वहीत घालू नये. उन्हात बसून गवार मोडायची तीच वेळ होती, गवारीच्या जागी आरसा आला.

"एकोणपन्नास अंश, बारा कला. लिहिलं?"

"लिहिलं."

"आता आरसा जरा डावीकडं. जरा म्हणजे एक सूत."

असं सव्वा वर्ष. मग एक दिवस मास्तर खोलीतून बाहेर आले आणि ओसरीच्या खांबाला टेकून उभे राहिले. विलायतेत छापलेल्या पुस्तकात आयोडीनच्या रेघांचं कोष्टक होतं. मास्तरांची प्रत्येक रेघ त्या कोष्टकापेक्षा एका कलेनं सरकलेली निघत होती. एखादीच नाही, सगळ्या. रोज.

"मंग पुस्तक चुकलं म्हणा की," मी म्हटलं.

"पुस्तक चुकलं म्हणायच्या आधी मी चुकलो का, ते बघावं लागंल."

ते त्यांनी दोन महिने बघितलं. चाक तपासलं, काच तपासली, परात पुन्हा नेली. खोलीत खिडकीजवळ थर्मामीटर टांगला, कारण उष्णतेनं काच आपला गुण बदलते म्हणे. पारा हलला नाही. तेव्हा कुठे त्यांनी हैदराबादेच्या एका कॉलेजातल्या प्रोफेसरांना पत्र लिहिलं. उत्तर आलं. वह्या घेऊन अमुक तारखेला या. आमच्या प्रयोगशाळेत मदतनिसाची जागा रिकामी आहे, तुमची मोजणी खरी ठरली तर ती तुम्हाला देऊ.

मास्तरांनी ते पत्र मला वाचून दाखवलं, ह्यांना वाचून दाखवलं, शेटजींना जाऊन दाखवलं. तिथे तळघर आहे, म्हणाले. दगडी. माणसाच्या उंचीचं यंत्र आहे. सकाळच्या पाऊण तासावर भागवायला नको, दिवसभर मोजता येतं. हे सांगताना त्यांचा आवाज चिरकत होता. एरवी ज्यांच्या तोंडून चढा शब्द निघत नाही, अशा माणसाला एखादी गोष्ट किती हवी आहे हे दिसतं तेव्हा जरा अवघडल्यासारखं होतं. मी त्यांना जेवायला वाढलं.

निघायला आठ दिवस होते. वह्यांची सुबक नक्कल करायचं काम माझ्याकडे आलं. दुपारी ओसरीवर बसून मी पानं उतरवू लागले आणि एक गोष्ट ध्यानात आली. दर महिन्याला काही दिवसांचे आकडे माझ्या अक्षरात नव्हते. मास्तरांनी स्वतःच आरसा फिरवून, स्वतःच लिहिलेले. आणि ते सगळे त्यांनी खोडलेले. बाजूला शेरा : "एकट्यानं घेतलेले, कच्चे." मी ते खोडलेले आकडे कोष्टकाशी लावून बघितले. तंतोतंत जुळत होते. एका कलेचा फरक नाही, अर्ध्या कलेचा नाही.

पुढचा महिना बघितला. तेच. त्याच्या पुढचा. तेच. चार दिवस रेघा पुस्तकाप्रमाणे, बाकीचे दिवस सरकलेल्या.

हे चार दिवस कसले, ते बाईमाणसाला गणित मांडून बघावं लागत नाही. ते माझे बाहेर बसायचे दिवस. त्या दिवसांत मी ओसरीच्या टोकाला, कशाला शिवायचं नाही, मास्तरांच्या आरशालाही नाही. जेवण समोरच्या जावेच्या घरून येतं. आणि आमची चूल बंद.

मी वही मिटली, मास्तरांच्या खोलीत गेले आणि त्यांच्या लाडक्या जाड भिंतीला हात लावला. सकाळचा स्वयंपाक होऊन तीन तास झाले होते, तरी ती कोमट होती.

मास्तर शाळेतून आले. सांगायला तर पाहिजे होतं. परक्या पुरुषाशी ह्या विषयावर बोलायची आपल्याकडे पद्धत नाही, पण सरकलेल्या रेघा घेऊन त्यांनी हैदराबादला जायचं हेही मला पटेना.

"मास्तर, हे जे खोडलेले दिवस आहेत ना, त्या दिवशी आमची चूल बंद असते."

"कुठली चूल?"

ह्या प्रश्नावर मी पुढे पुष्कळ विचार केला आहे. तीन वर्षं ह्या माणसानं त्या चुलीवरची भाकरी खाल्ली. गाडी केव्हा येते, इंजिन केव्हा थांबतं, मांजर कोणत्या पत्र्यावरून उडी मारतं, सगळं टिपून ठेवलं. चूल कोणत्या भिंतीला आहे, ते माहीत नाही. माहीत होणार कसं? पुरुष भाडेकरू स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नाही, ताट ओसरीवर येतं, रिकामं होऊन आत जातं. थर्मामीटरही टांगला तो समोरच्या खिडकीशी.

"तुमच्या फरशीच्या पलीकडं. भिंतीला हात लावा."

त्यांनी लावला. बराच वेळ काढला नाही. "मी समजत होतो, जाड भिंत म्हणून ऊब धरून राह्यली," ते म्हणाले. "मिठाच्या रेघा मोजतो चूल पेटायच्या आधी, आयोडीनच्या ती तापल्यावर." मग, "पण दर महिन्याला चूल बंद का अस..." आणि त्यांची नजर तारखांवरून फिरली. कान लाल झाले. ते जमिनीकडे बघू लागले, मी छताकडे. एवढं झाल्यावर कुणीही भला माणूस विषय सोडून देतो. मास्तरांनी खिशातून पेन्सिल काढली.

"दर खेपेला किती दिवस?"

"चार."

"साधारण चार, का..."

"बराबर चार, मास्तर!"

मग मी त्यांना व्यवहाराचं सांगितलं. हे आपल्या दोघांत राहू द्या. जागा मिळू द्या, बूड टेकू द्या. वर्षभरानं म्हणा, पुन्हा मोजलं, पुस्तक बरोबर निघालं. परतूरला येऊन माझी चूल कोण तपासणार आहे?

त्यांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. ते नुसते गोंधळलेले दिसले. "पण रेघ तिथं न्हाई ना, वहिनी. मी म्हणलो तिथं आहे, आणि ती तिथं न्हाई."

त्यांना पडताळा पाहिजे होता. तीन दिवस चूल पेटवू नका म्हणाले. ह्यांनी विचारलं, "म्हणजे एका रेघेपायी मी उपाशी?" मी अंगणात तीन दगड मांडून भाकऱ्या केल्या आणि जाऊ गल्लीभर सांगत फिरली की आमच्या घरात काहीतरी बिनसलंय. तीन दिवस रेघा पुस्तकाप्रमाणे. चौथ्या दिवशी त्यांच्या सांगण्यावरून मी चुलीवर नुसतं पाणी उकळत ठेवलं. नऊ वाजता रेघा सरकल्या. मास्तर धावत बाहेर आले, चेहरा असा खुललेला की घरात पाळणा हलला असावा. चूक सापडली होती. त्यांची स्वतःची.

"जागा गेली तुमची," मी म्हटलं.

"हां, ती गेली," म्हणाले, आणि परत आत पळाले, कारण अजून इंजिन बंद होतं.

पत्र टाकून कळवलं असतं तर भाडं वाचलं असतं. पण नाही, तोंडानं सांगायचं. त्यासाठी सगळा कागद नव्यानं लिहिला. आदल्या संध्याकाळी मला ओसरीवर वाचून दाखवू लागले : "गृहिणीच्या अनुपस्थितीत..."

"मी कुठं गेल्ते? हितंच तर बसल्ते."

त्यांनी ते खोडलं आणि "चूल बंद असलेल्या दिवशी" एवढंच ठेवलं. का बंद, ते लिहिलं नाही. परतूरचे लोक महिन्यातून चार दिवस उपाशी राहतात, अशी त्या प्रोफेसरांची समजूत झाली असेल.

वाचणाऱ्यांना ताटकळत ठेवण्यात मला गंमत वाटत नाही, म्हणून आताच सांगते. जागा मिळाली नाही. दुसऱ्या कुणाला दिली. प्रोफेसरांनी म्हणे वही शेवटपर्यंत वाचली, चुलीच्या पानावर पुष्कळ हसले, आणि संध्याकाळी तळघरात येऊन मोजायची परवानगी दिली. फुकट, म्हणजे मास्तरांनी प्रोफेसरांकडे फुकट राबायची. मास्तरांनी तिथल्या एका शाळेत नोकरी धरली आणि परत काही आले नाहीत. दीड वर्षानं एक कार्ड आलं. तळघरात सगळ्या रेघा नव्यानं मोजल्या, सगळ्या पुस्तकातल्या कोष्टकाप्रमाणे निघाल्या, फार आनंद झाला, मास्तरांच्या वतीनं मी त्यांच्या इथल्या वर्गातल्या पोरांना पेढे द्यावेत. मी अर्धा शेर पेढे आणवले. ह्यांनी विचारलं, कशाचे? मी म्हटलं, पुस्तकात होतं ते पुस्तकात आहे, त्याचे.

त्यांना शेवटचं बघितलं ते परतूरच्या स्टेशनवर. आम्ही दोघं पोचवायला गेलो होतो. "जागा न्हाई मिळाली तर पंधरा दिवसांत येतो," त्यांनी ह्यांना बजावलं, "खोली कुणाला देऊ नका." प्रोफेसरांना दाखवायला घेतलेलं यंत्र मांडीवर ठेवून ते डब्यात खिडकीशी बसले. शिटी झाली, गाडी हलली, आणि एकदम त्यांनी डोकं बाहेर काढलं.

"वहिनी! चुलीत काय जाळता तुम्ही? लाकूड?"

"पळाट्या!" मी ओरडले. कापसाचं पीक निघाल्यावर उरतात त्या काड्या. आमच्याकडे सगळ्या घरांत त्याच जळतात.

"आणि गोवऱ्या?"

"दोन्ही! आधी पळाट्या, मंग गोवऱ्या!"

"किती वाजता बदलता?"

फलाटावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. गाडी वेग घेत होती. "भाकऱ्या झाल्यावर!" मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "आठला!" त्यांनी डोकं आत घेतलं, यंत्रावरच वही ठेवली आणि लिहू लागले. हात हलवला नाही, वळून बघितलं नाही. डबा पुढे जाईपर्यंत ती खाली वाकलेली मान तेवढी दिसत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गवंड्याला बोलावलं आणि मास्तरांच्या भिंतीची चूल काढून पश्चिमेच्या भिंतीला घालून घेतली. हे म्हणाले, "भाडेकरू गेला, आता कशाला खर्चा?" मी म्हटलं, जुन्या जागी धूर बराबर जात नव्हता.